रेम्बेर्तोच्या नाकाचं मलम

रेम्बेर्तो चोके आमच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतो. मी त्याच्या मागे ढोल घेऊन चालतो. लहानपणी फुटबॉल खेळताना त्याच्या नाकावर कुणाचा तरी कोपर बसला आणि हाड वाकडं झालं ते तसंच राहिलं. उंच पठारावरच्या आमच्या ओरुरो शहरात धडधाकट माणसालाही धाप लागते. हा तोंडानंच श्वास घ्यायचा आणि त्याच तोंडानं ट्रम्पेट फुंकायचा. कार्निव्हलच्या मिरवणुकीत अर्ध्या वाटेनंतर तो ट्रम्पेट नुसता ओठांना लावून चालायचा. लोकांना कळत नसे, पण तो मनातून खचायचा.

शेवटी त्याची बायको एउसेबिया त्याला ऑपरेशनला घेऊनच गेली. ऑपरेशन नीट झालं. घरी सोडताना डॉक्टर विल्काबाईंनी मलमाची ट्यूब दिली. नाकपुडीच्या आत हलक्या हातानं लावायचं, खपली ओढायची नाही, नाक शिंकरायचं नाही आणि त्या सांगेपर्यंत ट्रम्पेटला हात लावायचा नाही, असं बजावलं.

इथला वारा कोरडा. आळस करून त्यानं मलम चुकवलं की खपल्या लाकडासारख्या कडक व्हायच्या. एकदा वैतागून त्यानं आरशासमोर उभं राहून एक उपटलीच. रक्त थांबेना. एउसेबिया बाजारात आपी विकते, म्हणजे जांभळ्या मक्याचं गरम पेय. ती पातेलं शेजारणीवर सोपवून धावत आली.

रक्त थांबलं, तोवर रेम्बेर्तोची आई, कासिल्दाबाई, डबी घेऊन हजर. घरच्या कळपातल्या लामा या लोकरी जनावराच्या चरबीत पाला उकळून केलेलं मलम. "तुझ्या बापाच्या टाचा यानंच भरून आल्या," त्या म्हणाल्या. "त्या ट्यूबमध्ये काय भरलंय कोण जाणे."

एउसेबियानं सासूशी वाद घातला नाही. "आई, आपण दोघी डॉक्टरांना विचारून येऊ," एवढंच म्हणाली आणि डबीसकट त्यांना घेऊन गेली. रेम्बेर्तोही निमूटपणे मागोमाग.

डॉक्टरांनी आधी त्याचं नाक तपासलं, मग डबी हुंगली, पाला कुठला ते विचारलं. म्हणाल्या, "आजी, हे नाकात नको. आतली जखम ओली आहे, तिथं ट्यूबमधलंच लावा. पण तोंडानं श्वास घेऊन याचे ओठ किती फाटलेत बघा. ओठांना हे लावा."

त्या दिवसापासून दोन्ही मलमांवर कासिल्दाबाईंचा पहारा बसला. रेम्बेर्तोचा हात नाकाकडे गेला की चुलीपासून आवाज यायचा, "बोट खाली घे, नाहीतर हातमोजे घालून हात बांधून ठेवीन."

हळूहळू खपल्या मऊ पडल्या आणि आपल्या आपण गळल्या. एके सकाळी तो एउसेबियाच्या गाड्यावर पेला हातात घेऊन थबकला.

"आज लवंग जास्त पडलीय का गं?"

"रोज तेवढीच घालते," ती म्हणाली. लग्न झाल्यापासून लवंगेचा वास त्याला पहिल्यांदाच आला होता. ती हसली, मग तोंड फिरवून एप्रनला डोळे पुसत बसली. गिऱ्हाईक खोळंबलं.

डॉक्टरांनी ट्रम्पेटला परवानगी दिली ती कार्निव्हलच्या जरा आधी. सराव बेताचाच झाला. तरी मिरवणूक संपते त्या सोकावोनच्या चर्चपर्यंत तो वाजवत गेला. शेवटच्या चढावर मात्र दम लागला. ट्रम्पेट खाली घेऊन, तोंड मिटून, त्यानं सावकाश नाकानं श्वास घेतला आणि पुढच्या ओळीला पुन्हा सूर धरला.

चर्चच्या दारात मी म्हटलं, "थांबलास मध्येच."

"पुढच्या वर्षी तेवढाही नाही थांबणार," तो म्हणाला.