मोहाखाली झाडलं का?

माझ्या आईच्या पायाला भिंगरी होती असं म्हटलं, तर भिंगरीचाच अपमान होईल. भिंगरी निदान एका जागी फिरते. वडील गेल्यावर आई नागभीडजवळच्या आमच्या गावातून नर्स म्हणून निघाली ती थेट कुवेतला. तिथे युद्ध पेटलं तेव्हा अंगावरच्या कपड्यांनिशी बसने वाळवंट ओलांडून जॉर्डनला पोहोचली. घरी आली, पण काही महिन्यांतच तिला अंगण पुरेना. मग लिबिया, मग आयर्लंड. मी मामीजवळ वाढले.

दर फाल्गुनात तिचा फोन यायचा आणि पहिला प्रश्न ठरलेला: "मोहाखाली झाडलं का?" मी कशी आहे, पास झाले की नापास, हे सगळं नंतर. आमच्याकडे बांधावरचं मोहाचं झाड ज्या घराचं, त्या घराने फुलं पडायच्या आधी खालचा पाला झाडून जमीन लख्ख करायची. मग तिथल्या फुलाला दुसरं कोणी हात लावत नाही. झाडलं नाही तर हक्क सोडला असं समजतात, आणि जो झाडेल तो वेचतो.

"उंटावरून शेळ्या हाकून राह्यली तुही माय," असं म्हणत मामी खराटा उचलायची. मला त्या झाडाचा राग यायचा. राग कसला, मत्सरच तो.

म्हातारपणी आई परतली. मी गावातच शिक्षिका झाले होते. वाटलं, आता तरी आई माझ्या वाट्याला येईल. पण तिने बॅग दाराशीच ठेवली. चहासुद्धा उभ्याने प्यायची. कुठे जायचं नसताना नागभीड स्टेशनवर जाऊन गाड्या बघून यायची. शाळा सुटली की मी जवळजवळ धावत घरी यायचे, बॅग जागेवर आहे का ते बघायला. फक्त मोहाच्या दिवसांत ती जरा स्थिरावायची. सकाळी टोपली घेऊन झाडाखाली बसायची आणि फुलं वेचता वेचता लिबियातल्या गोष्टी सांगायची.

मागच्या फाल्गुनात मी बांधावरून जात होते, तर शेजारीण आमच्या मोहाखाली झाडत होती.

"काऊन बाई, आमच्या झाडाखाली?"

"तुह्या मायनंच सांगतलं. म्हणे, औंदापासून तूच झाडजो."

इतकी वर्षं परक्या देशांतूनही तिने हक्क सोडला नव्हता. 'झाडलं का?' म्हणजे 'मी परत येणार आहे'. एवढी साधी गोष्ट मला तेव्हा कळली.

घरी आले तर ती बॅग भरत होती. आयर्लंडमधली तिची जुनी मैत्रीण एकटी पडली होती म्हणे.

"आन् मी?" मी ओरडलेच. "मी एकटी नाई का?"

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "तू माही आहेस. तुह्यावर हक्क ठेवाले मले खराटा लागत नाई."

ऐकून बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. स्टेशनपर्यंत तिची बॅग मात्र मीच उचलली.

यंदा माघ संपता संपता त्या मैत्रिणीचा फोन आला. आई झोपेतच गेली होती. अंत्यसंस्कार तिथेच झाले, अस्थी आणायला मी निघाले. पासपोर्ट तिनेच कधीतरी मागे लागून काढायला लावला होता. नागपूरच्या विमानतळावर मला बसवेना. उठत होते, फिरत होते, बॅगची चेन उगाच उघडत होते. शेवटी शेजारणीला फोन लावला.

"मोहाखाली झाडलं का?"

"नाई अजून. यंदा कोण वेचते, ते तूच सांग."

"झाडून ठेव," मी म्हणाले. "आम्ही दोघी येऊन राह्यलो."