फटफटीची नाळ

आंबोलीचा घाट उतरून सावंतवाडीच्या सपाटीवर आलो तेव्हा माझी फटफटी अशी गुळगुळीत चालली होती की मला तिच्यापेक्षा स्वतःचाच जास्त अभिमान वाटला. निघण्यापूर्वी मी इंजिन उघडून, पुसून, पुन्हा बसवलं होतं. कोल्हापुरात माझ्या गाडीला दुसऱ्या कुणी हात लावलेला मला खपत नसे. बायको म्हणायची, एवढी काळजी माझी घेतली असती तर मीही घाट चढले असते.

चाललो होतो मालवणला. माझा जुना मित्र सदा कोल्हापुरात काही वर्षं नोकरी करून कंटाळला आणि सासुरवाडीच्या आधारानं मालवणला स्वतःची होडी बांधायला बसला. ती होडी आता पाण्यात जायची होती. "वाट वाकडी कर, पण आरोंद्याला आमच्या बाबांकडे एक रात्र राहा," असं त्यानं मला बजावलं होतं. म्हणून मी आधी आरोंद्याला वळलो.

आरोंदा पाहिलं आणि वाट वाकडी केल्याचं सार्थक झालं. दिवाळी होऊन गेली होती. भात कापून झालं होतं आणि मोकळ्या मळ्यांत बगळे फिरत होते. पलीकडे तेरेखोलची खाडी, तिच्या दोन्ही काठांना माड, आणि पाणी इतकं संथ की ते वाहतं आहे हे समजायला त्यात पडलेल्या झावळीकडे पाहत बसावं लागे. असं गाव सोडून माणसं नोकरीसाठी कशी जातात, असा बावळट प्रश्न मला पडला.

सदाचे वडील बाबी तांडेल (तांडेल म्हणजे होडी चालवणारा मुख्य माणूस) खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, वाट पाहत उभे होते. उंच, काटक, उन्हानं काळेभोर झालेले. सगळी हयात समुद्रावर काढलेली. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं ते मालवणला जायचे होते, कारण होडीवर पहिला नारळ बापाच्याच हातचा फुटायला हवा होता आणि होडी लोटायची होती दुपारच्या भरतीला. पण फटफटी पाहिली आणि त्यांचा बेत फिरला.

"मी तुज्याच वांगडा येतंय रे झिला," ते म्हणाले. (वांगडा म्हणजे सोबत, झिल म्हणजे मुलगा.)

"अहो, पण एसटीनं आरामात जाल," मी म्हटलं.

"आराम घरात आसा. ह्या जनावरार माका परत कोण बसयतलो?"

सकाळी सदाच्या आईनं, काकींनी, उकड्या तांदळाची गरम पेज वाढली, सोबत लोणचं आणि भाजलेला सुका बांगडा. मी दुसरी वाटी ओरपत होतो तेव्हा बाहेरून तांडेलांनी विचारलं, "हिची नाळ खंय रे?" होडीच्या पुढच्या टोकाला नाळ म्हणतात हे मला ठाऊक होतं. तोंडात घास होता, त्यामुळे मी आतूनच काहीतरी "समोर, समोर" म्हणालो. मग खणकन आवाज आला. बाहेर येऊन पाहतो तर इंजिनावरून नारळाचं पाणी ओघळत होतं आणि तांडेल दोन्ही भकलं हातात धरून प्रसन्न उभे होते.

"तिकडे कुठे फोडलात?" मी ओरडलोच.

"मग खंय फोडू? फुडे दिव्याची काच. खाली चाक, म्हणजे पाय. पायार कोण नारळ फोडता?" त्यांनी इंजिनाच्या डोक्यावर प्रेमानं हात ठेवला. "ह्या डोक्या."

या विचारसरणीत मला एकही खोट काढता येईना. मी फडक्यानं इंजिन पुसलं, खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला आणि आम्ही निघालो. मागे तांडेल, त्यांच्या मांडीवर होडीसाठीचा दुसरा नारळ आणि काखेत छत्री.

शिरोड्यापर्यंत सगळं छान होतं. मिठागरांचे पांढरे ढीग उन्हात चमकत होते आणि तांडेल मागून मला प्रत्येक खाडीचं नाव सांगत होते. वेंगुर्ल्याच्या पुढे तांबडी चढण लागली आणि मला तो आवाज ऐकू आला. टिक्, टिक्, टिक्. बारीक पण स्पष्ट. चढणीवर वाढायचा, उतारावर लपायचा.

"हिच्या पोटात घड्याळ घातलंस काय रे?" तांडेलांनी विचारलं.

मी हसलो नाही. थोड्या वेळानं इंजिन मध्येच ठोका चुकवू लागलं आणि पुढच्या चढणीवर गाडीनं मानच टाकली. ढकलत ढकलत ती एका फणसाखाली नेली. इंजिनातल्या झडपा ढकलणारे टॅपेट सैल झाले की असाच आवाज येतो, म्हणून इंजिन निवल्यावर मी आधी ते तपासले. अगदी जसे बसवले होते तसे. मला हायसं वाटलं आणि लगेच भीती वाटली, कारण आता दोष आणखी खोल असू शकत होता.

मग तांडेलांची छत्री मागून घेतली. गाडी सुरू करून छत्रीचं टोक इंजिनावर टेकवलं आणि लाकडी मूठ कानाला लावली. आतली प्रत्येक हालचाल त्या काठीतून ऐकू येत होती, पण टिकटिक नव्हती. मूठ कानापासून दूर केली की पुन्हा टिक्, टिक्. म्हणजे आवाज इंजिनाच्या आतला नव्हताच, बाहेरचा होता! मी सगळीकडे डोळे लावून पाहिलं, एकेक नट हलवून पाहिला. काहीच दिसेना.

तांडेल झाडाच्या सावलीकडे पाहत होते. "पाणी चढूक लागला आसतला," ते हळूच म्हणाले. वेळेवर पोचलो नाही तर सदाला दुसऱ्या कुणाच्या तरी हातानं नारळ फोडून होडी लोटावी लागणार होती. 

आणि मग डोक्यात उजेड पडला. दिवसाढवळ्या जे दिसत नाही असं इंजिनात एकच काही असतं, ते म्हणजे ठिणगी. मला काळोख हवा होता. शेजारच्या खळ्यात एक बाई भात झोडत होती. तिचा मांगर (शेताकडचं कौलारू खोपट) मी मागितला.

"फटफटी भितर घेतलास?" तिनं डोळे विस्फारले. "घेवा बापडे. पण माजी कोंबडी रवणीर आसा, तिका उठवू नुको."

पेंढ्याचा ढीग दूर सारून आम्ही गाडी आत घेतली, दार लोटलं आणि मी किक मारली. रवणीवरची (अंड्यांवर बसलेली) कोंबडी आमच्या डोक्यावरून उडाली. धूर झाला. त्या धुरात, काळोखात, इंजिनाच्या डोक्यात बसवलेल्या, ठिणगी पाडणाऱ्या प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवरून एक बारीक निळा धागा इंजिनाच्या लोखंडाकडे उडी मारत होता. प्रत्येक उडीला एक टिक्. चिनी मातीला चीर गेली होती आणि आत पडायची ठिणगी बाहेरच पळत होती. मी आनंदानं टाळी वाजवली. दुसरा प्लग माझ्या पिशवीत होताच.

जुना प्लग काढून दाराबाहेर उजेडात आणला, तेव्हा तांडेलांनी तो माझ्या हातातून घेतला. चिरेत नारळाच्या शेंडीचा एक केस अडकला होता. त्यांनी तो नखानं काढला आणि कितीतरी वेळ पाहत राहिले.

"माज्या हातान झाला मा ह्या?"

"अहो, दगड लागूनही होतं," मी म्हटलं. खोटं मला कधीच जमलं नाही.

"दगडाक शेंडी नसता." त्यांनी दुसरा नारळ माझ्यापुढे धरला. "ह्यो तू धर. ह्या हातान आज पोराच्या होडयेक नारळ फोडूचो नाय."

कुडाळ गेलं, कसाल गेलं, कट्टा गेला. गाडी पुन्हा गुळगुळीत चालली होती आणि मागून एका खाडीचंही नाव ऐकू येत नव्हतं. मी नाना परीनं समजावलं. त्यांनी नुसती छत्री या काखेतून त्या काखेत घेतली. एवढ्या सुंदर रस्त्यावर इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं.

मालवणच्या किनाऱ्यावर पोचलो तेव्हा भरती वाळूवर चढली होती. नवी होडी ओंडक्यांवर उभी होती, अंगाला ताज्या तेलाचा वास, नाळेला झेंडूची माळ. समोर निळ्या पाण्यात किल्ला. होडीला खांदे लावायला आलेली माणसं ताटकळली होती. सदा धावत आला.

"बाबा, खंय रवलास?"

 सदानं माझ्या हातातला नारळ घेऊन त्यांच्यापुढे धरला. त्यांनी हात मागे घेतला. सदाचा चेहरा उतरला, कारण त्याला कशाचीच कल्पना नव्हती. मी सांगायला तोंड उघडणार तोच तांडेल होडीपुढे गेले, डोक्यावरचा रुमाल सारखा केला, हात जोडले आणि गाऱ्हाणं (देवाला घातलेलं साकडं) घालू लागले.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळा किनारा म्हणाला.

"आज ह्या तुज्या लेकरान नवी होडी तुज्या पायाकडे आणल्यान हा. पण तेच्या आदी माजा एक गाऱ्हाणा आसा, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

"ही कोल्हापूरची फटफटी. माका तिची नाळ गावली नाय, आणि माज्या हातचो नारळ तिका लागलो. काय चुकला-माकला आसात ता पदरात घी. तिका आणि तिच्या धन्याक घाट चढान सुखरूप घराक पोचय रे म्हाराजा!"

माणसांनी एकदा वळून माझ्या गाडीकडे पाहिलं. कुणी हसलं नाही. "व्हय म्हाराजा!" असा गजर झाला आणि त्यात माझाही आवाज होता. माझे डोळे भरून आले, हे लपवण्यात अर्थ नाही.

मग तांडेलांनी सदाच्या हातातला नारळ घेतला, होडीसाठी मागायचं ते सगळं मागितलं आणि नाळेवर एकाच घावात त्याची दोन भकलं केली. होडी पाण्यात गेली. संध्याकाळी कोंबडी-वडे झाले, आणि तांडेलांनी मला फटफटीबद्दल इतके प्रश्न विचारले की वडे गार झाले.

परत निघताना त्यांनी माझ्या पिशवीत एक नारळ घातला. "घराक पोचलंस काय फोड," ते म्हणाले. आणि मी किक मारल्यावर मागून ओरडले, "पण दगडार रे!"

फोंड्याचा घाट गाडीनं एका दमात चढला. इंजिन मी बसवलं होतं, प्लग मी बदलला होता, पण त्या चढणीवर स्वतःचा अभिमान वाटून घ्यायची माझी तयारी नव्हती. आजवर माझ्या गाडीसाठी मी एकटाच जीव टाकत होतो. आता तिच्यासाठी एक अख्खा किनारा बोलला होता.

वर एका टपरीपाशी चहाला थांबलो, इंजिन बंद केलं. शांततेत आवाज आला. टिक्. टिक्. मी चपापलो, वाकून कान लावला. तापलेलं लोखंड निवत होतं, बाकी काही नाही.

"काय झालं?" टपरीवाल्यानं विचारलं.

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं, आणि चहा घेतला.