निउएची शेपूट आणि भैरवगढचे उस्ताद

भैरवगढच्या उस्तादांची ती चौकशी मी आजही विसरलेलो नाही. आठवली की आधी हसू येतं आणि मग थोडी लाज वाटते. चौकशी मीच केली होती, आणि ज्या देशाशी त्यांचं संधान असल्याचा मला संशय आला, त्या देशाचं नावही मी तोवर ऐकलेलं नव्हतं.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. उज्जैनमधले एसटीडी बूथवाले दुकानात पडदे लावून कॉम्प्युटर बसवायला लागले होते. मी तेव्हा तिथल्या पोलीस ठाण्याचा प्रमुख होतो, म्हणजे आमच्या मध्य प्रदेशात ज्याला टीआय म्हणतात तो. आमच्या ठाण्यालाही एक कॉम्प्युटर मिळाला होता. त्याची मालखान्यात, म्हणजे मुद्देमालाच्या खोलीत, रीतसर नोंद झाली होती, पण खोकं उघडण्याचा लेखी आदेश न आल्यामुळे तो तसाच बांधलेला होता आणि शिपाई त्याच्यावर डबे ठेवून जेवत.

उस्ताद म्हणजे भैरवगढचे कापडावर ठसे छापणारे जुने कारागीर, वय पन्नाशीच्या पुढे. परदेशातल्या एका प्रदर्शनात त्यांना छपाई करून दाखवायला बोलावलं होतं. त्यांच्या हातांना इतकं मोठं आमंत्रण आयुष्यात पहिल्यांदाच आलेलं. पासपोर्टसाठी त्यांच्या पडताळणीची फाइल माझ्या टेबलावर होती आणि महिन्याभरात त्यांना निघायचं होतं. माझा शेरा चांगला गेला तर ते जाणार, वाईट गेला तर घरी बसणार, इतकं ते सरळ होतं.

त्याच आठवड्यात टावर चौकातला आमचा खबऱ्या आला. तो तिथे पानाची टपरी चालवायचा आणि पानासोबत सगळ्यांच्या बातम्याही लावायचा. त्याने उस्तादांचं व्हिजिटिंग कार्ड माझ्यासमोर ठेवलं. त्यावर वेबसाइटचा पत्ता होता, शेवटी शेपटीसारखी टिंब आणि एन, यू ही दोन अक्षरं. हिंदुस्तानातले पत्ते 'कॉम'ने नाहीतर 'इन'ने संपतात, हे बाहेरच्या मुलखातलं प्रकरण आहे, असं त्याचं म्हणणं.

आमच्या ठाण्यात एक जुने हवालदार होते, त्यांना सगळे दीवानजी म्हणत. ते एका कॉम्प्युटर क्लासमधून देशांच्या दोन-दोन अक्षरांची छापील यादी घेऊन आले. 'इन' म्हणजे भारत, 'यूके' म्हणजे इंग्लंड, असं करत बोट फिरत आलं आणि 'एनयू'पाशी थांबलं. देश निउए. आम्ही नकाशा मागवला. शाळेतल्या नकाशात तो नव्हता, कॉलेजातल्या मोठ्या नकाशात पॅसिफिक महासागरात एक ठिपका सापडला, आणि तो माशीने केलेला नाही याची खात्री करायला दीवानजींनी नखाने खरवडून पाहिलं.

"साहब, इतना छोटा देश कोई रखता क्यों है?" ते गंभीरपणे म्हणाले.

मला याचं उत्तर सुचलं नाही, आणि ज्या प्रश्नाचं उत्तर सुचत नाही तो प्रश्न पोलिसाला संशयास्पद वाटतो. मी फाइलवर शेरा मारला, 'परदेशी संबंधांबाबत चौकशी चालू', आणि ती तशीच एसपी साहेबांच्या कार्यालयात पाठवली. घाई केली. ती माझी चूक होती आणि ती दुसऱ्या कुणाच्या माथी मारण्याचा माझा विचार नाही.

मग उस्तादांना बोलावलं. ते कोपरापर्यंत निळे हात घेऊन आले, खुर्चीला रंग लागेल म्हणून उभेच राहिले. निउएला कधी गेला होतात, तिथे ओळखीचं कोण, पत्रव्यवहार कसा चालतो, सगळं मी क्रमाने विचारलं. दीवानजी जबाब लिहून घेत होते. उस्तादांनी सांगितलं की ते लांबात लांब अजमेरपर्यंत गेले आहेत, आणि तिथेही दोन दिवसांत करमेनासं झालं. वेबसाइट फ्रीगंजच्या सायबर कॅफेवाल्याने करून दिली, शेवटची अक्षरं त्यानेच निवडली. नकाशावरचा ठिपका दाखवला तेव्हा ते बराच वेळ वाकून बघत राहिले आणि तिथे कापूस होतो का, एवढंच त्यांनी विचारलं.

जाताना मात्र दारात थांबले. "साहब, चालीस साल से एक ही चबूतरे पे बैठा हूँ. आपके सिपाही रोज़ सामने से निकलते हैं. मेरा पता आपको काग़ज़ से पूछना पड़ा?"

ते मला लागलं. पण लागलं म्हणून शेरा मागे घेता येत नाही, त्याला पुरावा लागतो.

सायबर कॅफेवाला आमच्यातलाच, मराठी निघाला, वडील बँकेच्या नोकरीमुळे इकडे आलेले, त्यांच्याशी माझी गणपतीत ओळख झालेली. त्याने मला काका म्हणून बसवलं आणि समजावलं. 'कॉम' व्यापारासाठी, 'ओआरजी' संस्थांसाठी, 'जीओव्ही' सरकारसाठी, आणि दोन अक्षरं देशांची. प्रत्येक देशाच्या अक्षरांची नोंदवही कुणा एकाकडे सोपवलेली असते आणि नाव कुणाला द्यायचं ते तो ठरवतो. उस्तादांना हवं होतं ते नाव 'कॉम'मध्ये आधीच कुणीतरी घेतलेलं. आपल्या 'इन'साठी कंपनीची कागदपत्रं मागत होते, आणि उस्तादांची कंपनी म्हणजे ते, त्यांची बायको आणि दोन लाकडी पेट्या. निउएवाले मागेल त्याला देत होते.

"म्हणजे त्यांना तिथलं नागरिकत्व मिळालं?" मी विचारलं.

"नाही हो काका. माणूस इथेच आहे, फक्त नाव तिकडे दर्ज आहे."

मला ते पटेना. पोलिसाचं सगळं आयुष्य हद्दीत जातं. आमच्याकडे रस्त्यावर अपघात झाला तरी आधी चाक कुठल्या ठाण्यात होतं ते मोजतात. नाव एका हद्दीत आणि माणूस दुसरीत, हे माझ्या डोक्यात बसेना.

ते बसवलं राम घाटावरच्या दोन पंड्यांनी. दोन दिवसांनी ते भांडत ठाण्यात आले. साताऱ्याकडचं एक कुटुंब पिंडदानाला आलं होतं. मंडळी आता भोपाळला राहतात, म्हणून तरुण पंडा म्हणत होता की भोपाळचे यजमान त्याचे. म्हाताऱ्या पंड्याने काखेतली लाल बही, म्हणजे यजमानांच्या नोंदींची वही, उघडून त्या कुटुंबाच्या खापरपणजोबांची नोंद दाखवली. गावांची वाटणी पूर्वजांनी करून ठेवली आहे, ज्याच्याकडे ज्या गावाची बही, त्याच्याकडे त्या गावचं नाव.

तरुण पंडा हटून बसला की ते तर भोपाळला राहतात. म्हातारा चिडला. "रहें जहाँ रहना हो. नाम मेरी बही में है, तो क्या मेरे घर में रहते हैं?"

मी खुर्चीतून उठलो. दोघांना वाटलं मी मारतो की काय, आणि त्यांनी तिथल्या तिथे दक्षिणा निम्मी-निम्मी करून भांडण मिटवलं. मी त्यांना थांबवलंसुद्धा नाही, तडक फ्रीगंज गाठलं. सायबर कॅफेवाल्याला विचारलं, त्या निउएच्या पंड्याची बही बघता येईल का? त्याला आधी कळेना, मग हसू आवरेना. म्हणाला, काका, अगदी बहीच आहे ती, आणि कुणालाही बघता येते. त्याने काही बटणं दाबली, बराच वेळ वाट पाहायला लावली आणि पडद्यावर नोंद आली. नाव उस्तादांचं. पत्ता भैरवगढ, उज्जैन, मध्य प्रदेश, भारत.

मी तो कागद छापून घेतला. दीवानजींना त्यावर निउएच्या ठाण्याचा शिक्का हवा होता. तो मिळणार नाही हे पटवायला मला चहाचे दोन कप लागले. फाइल डाकेने न पाठवता मी स्वतः एसपी साहेबांकडे गेलो आणि माझा शेरा चुकीच्या समजुतीतून मारला गेला असं लेखी दिलं. साहेबांनी सगळं ऐकलं, पंड्यांची बही दोनदा समजून घेतली, आणि असं लेखी त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं असं म्हणून सही केली. त्यांच्या आवाजात कौतुक होतं की नाही, ते मी ताडू शकलो नाही.

प्रवासाला निघायच्या तीन दिवस आधी पासपोर्ट आला. उस्ताद गेले, छपाई करून दाखवली आणि परत आल्यावर ठाण्यात येऊन गेले. मी त्यांना आपलेपणाने सांगितलं की आता ती अक्षरं बदलून घ्या. माझी बदली होईल, पुढचा टीआय पुन्हा नकाशा मागवेल.

उस्तादांनी मान हलवली. "नहीं साहब. जब यहाँ सब मुझसे काग़ज़ माँग रहे थे, उन लोगों ने बिना पूछे मेरा नाम लिख लिया. अब उनका नाम कैसे मिटा दूँ?"

कागद मागणाऱ्यांत मीही होतो, हे त्यांनी सौजन्याने वगळलं होतं. नोकरीत मी पुढे बऱ्याच पडताळण्या केल्या, पण फाइल उघडण्याआधी त्या माणसाच्या घरी जाऊन यायची सवय मला त्यांनी लावली. अजूनही वाटतं, त्या दिवशी मी फक्त रस्ता ओलांडून त्यांच्या चबुतऱ्यापर्यंत गेलो असतो, तर पुरे झालं असतं.