एक वेलांटी

छावणी भागातल्या रामकिसनरावांपुढं मोडीचा कागद ठेवावा आणि त्यांनी "लागत नाही" म्हणावं, असं कधी घडलं नाही. कचेरीत जुने दस्त वाचण्यात उमर गेली, निवृत्तीनंतर लोक घरी कागद आणू लागले. माणूस सरळ, पण 'मला ठाऊक नाही' एवढं म्हणताना जीभ जड व्हायची.

आठ वर्षांपूर्वी पिशोरहून वच्छलाबाई लाल फडक्यात बांधलेली पोथी घेऊन आल्या. पूर्वजानं बहामनी अमदानीत बिदरहून काशीपर्यंत पायी केलेल्या प्रवासाची ती हकिकत. भावकीतले काही जण म्हणत, ही मागाहून कुणीतरी रचलीय.

"आमच्या वाडवडलानंच लिवली का, तेवढं सांगा भाऊ."

चहा निवायच्या आत रामकिसनरावांनी निकाल दिला. एका मुक्कामावर लिहिलं होतं, 'भाकरीस मिरची पूड'. बहामनी काळात मिरची कुठली? ती पोर्तुगिजांनी आणली. "बनावट आहे," ते म्हणाले, आणि सहीनिशी तसं लिहूनही दिलं. मित्रांना दाखवायला पोथीच्या त्या पानाचा फोटोही काढून घेतला. बाईंचा चेहरा उतरलेला त्यांना दिसला होता. पण त्या दिवशी ते स्वतःवरच खूश होते.

यंदा नात प्रेरणा हिनं तो फोटो मोबाइलवर मोठा केला. 'र'वर शाई उडालेली पुसट वेलांटी होती. मिरची नव्हेच, मिरीची! काळी मिरी तर इथं कधीपासूनची. दुसऱ्याच दिवशी रामकिसनरावांनी पिशोरची एसटी धरली.

वच्छलाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "मंग खरी व्हती का?"

"मला ठाऊक नाही," रामकिसनराव पहिल्यांदाच म्हणाले. "पोथी पुन्हा बघावी लागेल. चूक माझी झाली, लई मोठी झाली."

"पोथी कुठली आता? खोटं देवघरात ठिवू नाय म्हनून पैठणला गोदावरीत सोडली."

बाई उठून देवघरात गेल्या आणि तेच लाल फडकं घेऊन आल्या. क्षणभर रामकिसनरावांच्या जिवात जीव आला. फडक्यात त्यांचाच कागद होता, हळदीकुंकू वाहिलेला.

"शिकल्यासवरल्या मानसाची सही हाय यावर," बाई म्हणाल्या. "हे कसं सोडनार?"

रामकिसनरावांनी कागद हातात घेऊन वाचला. अक्षर सुरेख होतं, आणि एकही वेलांटी सुटलेली नव्हती.