रक्त काढायची सुई

ठमाबाईला मिठागरावर सगळे तोंडाळ म्हणत. म्हणू देत. डोक्यावर मिठाची पाटी घेऊन ती बांधावरून निघाली की मुकादमसुद्धा बाजूला व्हायचा, आणि कुणी उगाच आवाज चढवला तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. तिचा नवरा काशिराम अगदी उलटा. मुखदुर्बळ, माळकरी. दारूच्या नुसत्या वासानं त्याला मळमळायचं, म्हणून सोबतचे त्याला 'बुवा' म्हणून चिडवायचे.

दारूबंदीचे दिवस होते. एका सकाळी मिठागरावरच्या झोपडीत काशिरामला मण्यार चावली. आमच्या खाडीकाठी साप चावला की जखमेवर हातभट्टीची दारू चोळायचे. कायदा काही म्हणो, कुणाच्या तरी घरातून बाटली निघायचीच. काशिराम नको नको म्हणत होता. शेवटी म्हणाला, "आदी माझी माळ काड."

ठमाबाईनं माळ काढून पदराच्या गाठीत बांधली, मग पाय चोळला. शेजाऱ्यांनी बैलगाडी जुंपली आणि सगळे पनवेलला निघाले.

सरकारी दवाखान्यात पोचेपर्यंत त्याच्या पापण्या मिटायला लागल्या होत्या, जीभ जड झाली होती. डॉक्टरांनी लांबूनच नाकाला रुमाल लावला.

"आगरी ना? सकाळीच झोकून आलाय."

"नाय वो दाक्तर, मन्यार चावलीय! दारू मी पायाला चोळली. त्यो माळकरी हाय." तिनं गाठ सोडून माळ पुढे धरली.

"वा! माळ पदरात, दारू पोटात," डॉक्टर म्हणाले. कंपाउंडर फिदीफिदी हसला. "आणि साप चावला तर सूज कुठाय?"

मण्यार चावली तर सूज येत नाही. हे डॉक्टरांना शिकवलं नसेल, असं मानायला मी तयार नाही. शिकवलं होतं. पण समोर आगरी दिसला की शिकलेलं सगळं बाजूला राहतं, आणि घरी लहानपणापासून ऐकलेलं तेवढं तोंडातून बाहेर पडतं.

डॉक्टरांनी पोलिसाला बोलावणं धाडलं आणि सुई मागवली. सुई दिसल्यावर ठमाबाईला वाटलं, औषध आलं. तिनं हात जोडले. काशिरामचा दंड तिनंच घट्ट धरून ठेवला. ती सुई रक्त काढायची होती, दारूच्या गुन्ह्याचा पुरावा म्हणून. सापावरची लस त्याच खोलीतल्या कपाटात होती, हे पुढे कंपाउंडरच सांगत फिरला. पुराव्याची बाटली जपून ठेवली गेली. काशिरामला मात्र "पडू दे, उतरेल" म्हणून व्हरांड्यात टाकलं. दुपारी त्याचा श्वास थांबला.

याच डॉक्टरांच्या सहीवर पेठेतले शेट प्रकृतीच्या नावाखाली परवान्याची दारू प्यायचे. त्यांचं रक्त कुणी काढलं नाही. आजही आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

काही आठवड्यांनी हवालदार मिठागरावर आला. ठमाबाई मीठ ओढत होती. त्यानं टोपी सारखी केली आणि चांगली बातमी आणल्यासारखं सांगितलं, "बाई, रक्तात दारू निघाली नाही. तुझा नवरा सुटला."

ठमाबाईनं हातातलं काम थांबवलं.

"सुटला ना?" ती म्हणाली. "मंग आनून सोडा त्याला घरी."