ड्रम नसलेला फोटो

लग्नाआधीचे फोटो काढायला बोलावतात तेव्हा नवरानवरी आधी मोबाइल पुढे करतात. त्यात कुठल्यातरी राजवाड्याच्या पायऱ्या, रंगीत धूर, गॉगल लावलेली अख्खी वरात. "असेच पाहिजेत, ताई." आता हिंगोलीत मी राजवाडा कुठून आणू? माझं डोकं तिथेच फिरतं. सुरुवातीला मीही कागदी मिशा, गॉगल, चावट पाट्या असलं सगळं एका पिशवीत घेऊन हिंडायचे. लोक मिशी लावून उभे राहायचे आणि चेहरा मात्र तहसीलच्या रांगेतला. मस्ती वस्तूंमधून येत नाही हे कळल्यावर ती पिशवी माळ्यावर गेली.

मग मी रीत बदलली. माणसाला त्याच्या जागी गाठायचं, हाताला काम द्यायचं आणि "हसा" म्हणायचं नाही. काम करता करता काहीतरी चुकतं, कुणीतरी चिडवतं, आणि फोटो तिथे असतो. पण जागा नुसती पाठीमागे पडदा म्हणून असेल तर त्यात मजा नाही. त्या माणसाचं त्या जागेशी काय नातं आहे ते दिसलं पाहिजे. हे मी येईल त्याला ऐकवत असते. हट्टा गावाजवळच्या एका लग्नात मात्र हेच माझं ज्ञान माझ्या अंगावर आलं.

नवरीचे वडील ती लहान असतानाच गेले होते. आईने दिराच्या सोबतीने हळदीची शेती केली आणि पोरीला शिकवलं. फोनवर नवरीने मला एकच गोष्ट बजावली. "मांडवाच्या दारात मोठा फोटो लावतेत ना, त्यात मी अन् आई पाहिजे. बाकी कुठंच ती माझ्याजवळ राहणार न्हाई." ते खरंच होतं. आई विधवा, म्हणून पोरीला हळद लावायला तिला पुढे येऊ देणार नव्हते. कन्यादानाला काका-काकू बसणार होते. लेकीशेजारी उभं राहायला आईला सगळ्या लग्नात तेवढी एकच जागा होती, तीही फोटोतली.

मी शेतावर पोचले तेव्हा खळ्यावर हळदीला पॉलिश चाललं होतं. शिजवून वाळवलेली हळद पत्र्याच्या मोठ्या ड्रममध्ये घालून फिरवतात. साल घासून निघते आणि पिवळी धूळ उडते. मोठ्या शेतकऱ्यांचे ड्रम ट्रॅक्टरवर फिरतात, यांचा हाताने फिरवायचा होता. मी नवरीला म्हटलं, लाव हात. तिने मूठ धरली आणि नेमका उलटा फिरवला.

"उलटं काहून फिरवून राहिली?" आई तिच्याजवळ येत म्हणाली. "सासूनं हाकललं तर इथंच येशील पुन्ना, मंग मलाच तकलीफ!"

दोघी इतक्या हसल्या की आईने लेकीचा खांदा घट्ट धरला आणि ड्रम थांबला. मी बटण दाबलं. दोघी केसांपासून पायापर्यंत पिवळ्या, बाजूला तो गंजका ड्रम, मागे पोती. पोती भरणारा दीर ओरडला, "म्याडम, वहिनीचा फोटो बराबर आला पाहिजे बरं का!" कुणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. दर हंगामात ती अशीच पिवळी होत आली होती. इतका चांगला फोटो मला बऱ्याच दिवसांत मिळाला नव्हता. मी खूश होऊन तो फ्लेक्सवाल्याकडे पाठवून दिला.

लग्नाच्या दिवशी सकाळी मांडवाच्या दारात पोचले आणि वर लावलेला फ्लेक्स पाहिला.

ड्रम नव्हता. पोती नव्हती, खळं नव्हतं. फ्लेक्सवाल्याने दोघींना सफाईने कापून काढलं होतं आणि मागे झेंडूच्या माळा सोडल्या होत्या. वर सोनेरी अक्षरात 'हळद लागली' असं त्याने स्वतःच्या मनाने टाकलं होतं. मी फोन केला तर तो गडी खुशीत. "तो गंजका पत्रा कायले ठेवायचा, मॅडम? घाण दिसत होता. हळदीचाच फोटो हाय म्हणून मस्त सजवला."

मी पुन्हा वर पाहिलं. अंगभर हळद माखून खळखळून हसणारी एक विधवा, पोरीच्या लग्नाच्या दारात. ड्रम गेल्याबरोबर फोटोचा असा अर्थ होईल हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. बायका पदर तोंडाला लावून बघत होत्या. दीर धावत आला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"हे काय करून ठेवलं, म्याडम? पाव्हणे येऊन राहिले!"

"अहो, तोच फोटो आहे. तुम्ही तिथेच होतात, हसत होतात!"

"तवा ड्रम होता ना," तो म्हणाला.

मला संताप आला. तोच चेहरा, तीच धूळ, तेच हसू. तेव्हा चाललं होतं, आता चालत नव्हतं.

तेवढ्यात आई स्वयंपाकाकडून आली. फिकट लुगडं, कपाळ मोकळं. ती फ्लेक्सपुढे उभी राहिली आणि नुसती बघत राहिली. मला वाटलं, आता ही रडेल, नाहीतर दिराला काहीतरी सुनावेल. सुनावावं असं मला फार वाटत होतं.

तिने मांडववाल्याकडून कटर मागून घेतला आणि त्याच्याच स्टुलावर चढली.

"थांबा," मी म्हणाले, "नवरीला बोलावते, ती काय म्हणते ते तर—"

"तिला नगा सांगू. रडंल ती, मेकप जाईल."

आणि तिने स्वतःला कापायला सुरुवात केली. आधी केस, मग हसणारं तोंड, मग गळा, मग कंबर. कापड फाडावं तसं सरळ. तिचा चेहरा सुटून खाली लोंबायला लागला तेव्हा दिरानेही मान वळवली.

मनगटापाशी कटर थांबला. आईचा पंजा लेकीच्या खांद्यावर होता, चार पिवळी बोटं घट्ट रोवलेली. तिने एका बाजूने बघितलं, दुसऱ्या बाजूने बघितलं.

"वहिनी, तेवढा हातबी काढा," दीर हळूच म्हणाला.

"कसा काढू, भावजी?" ती म्हणाली. "पोरीला लागंल."