जिन्यातली सिगारेट आणि काकूंकडे गेलेली वाटी

नव्वदच्या आसपास आम्ही मीरा रोडला जागा घेतली, तेव्हा आम्ही कोण हे बिल्डिंगीत कुणाला ठाऊक नव्हतं. बुद्धाची मूर्ती मी आतल्या खोलीत ठेवलेली. कुणी विचारलंच तर "मराठवाड्यातले" एवढंच सांगायचे. भित्री म्हणा हवं तर. होतेच मी भित्री.

लेक दोन वर्षांची, तिला दमा. आणि समोरचे काका जेवण झालं की जिन्यात, अगदी आमच्या दाराशी उभे राहून सिगारेट ओढायचे. का, तर काकू घरात ओढू देत नसत! धूर फटीतून आत यायचा. पोरीच्या छातीत शिट्टी वाजायला लागली की मी तिला उचलून खिडकीशी न्यायचे. काकू मात्र जिवाभावाच्या. आमच्याकडून भाजीची वाटी गेली की ती कधी रिकामी परत आली नाही. काही नसलं तर चिमूटभर साखर तरी असायचीच.

शेवटी नवऱ्याने सोसायटीला अर्ज दिला, जिन्यात सिगारेट नको. रविवारी सकाळी गच्चीवर मीटिंग भरली. काका उसळले. "मोगलाई लागून गेली काय? का परत आणीबाणी आणताय?" कुणीतरी हसलं, तसा त्यांना चेव चढला. "अस्पृश्य करून टाकलंत आम्हाला! गावकुसाबाहेर काढताय!"

शेजारी सासूबाई बसलेल्या. मी त्यांचा पदर घट्ट धरला. पण त्या उठल्याच.

"भाऊ, माझ्या सासऱ्याला गावानं कधी विहिरीला हात लावू दिला न्हाई. तुम्हाला नुसतं जिना उतरून खाली जायचंय. माझ्या नातीला श्वास घेऊ द्या."

नियम पास झाला. आमच्याकडे मात्र कुणी बघेना.

घरी येऊन मी सासूबाईंना ताडताड बोलले. "काय गरज होती, आई? आता सगळ्यांना कळलं!"

"कळू दे की. रोग हाय का आपल्याला?"

शनिवारीच वांग्याची भाजी काकूंकडे गेली होती. वाटी तिकडेच. चार दिवस माझे कान दाराकडे. जिन्यात पाऊल वाजलं की मी उठून दाराशी जायचे.

पाचव्या दिवशी बेल वाजली. काकूंनी वाटी हातात दिली आणि मान न उचलता आपलं दार लावून घेतलं. वाटी लख्ख घासलेली. रिकामी.

"बघत काय बसलीस?" सासूबाई म्हणाल्या. "भर ती, अन् दे नेऊन परत."

आत लेक शांत झोपली होती. छातीत शिट्टी नव्हती. मी वाटीत आमटी भरली, समोरच्या दारापर्यंत गेले. बेल वाजवायचा धीर काही होईना.